भाड्याच्या खोल्यांचे पॅरिस

पुण्याहून पॅरिसला थेट विमान नसल्यामुळे आधी मुंबई गाठावी लागते. खंडाळ्याच्या घाटात एक ट्रक आडवा झाल्याने आमचे विमान चुकता चुकता राहिले. तेव्हा घरातून दोन तास लवकर निघावे, एवढे सांगून मूळ विषयाकडे वळते.

परदेशातून येऊन या शहरात राहिलेल्या लेखक-चित्रकारांचे पत्ते वहीत लिहून धाकटी बहीण आणि मी तीन दिवस पायी हिंडलो. सुरुवात मेट्रोच्या १० क्रमांकाच्या मार्गावरील कार्दिनाल लमुआन स्थानकापासून करावी. तिथून चढ चढून गेले की ७४ क्रमांकाची इमारत लागते. अमेरिकन लेखक हेमिंग्वे १९२२ मध्ये इथे राहायला आला तेव्हा घरात गरम पाणी नव्हते आणि संडास जिन्यात, सामायिक होता. आमचे बालपण सदाशिव पेठेतल्या वाड्यात गेल्यामुळे आम्हाला याचे नवल वाटले नाही. समोरच्याच बाजूला ७१ क्रमांकाच्या घरात १९२१ मध्ये आयरिश लेखक जॉइस ‘युलिसिस’ या कादंबरीवर शेवटचा हात फिरवत होता. दोन्हीकडे आजही कुटुंबे राहतात, म्हणून बाहेरूनच पाहावे.

ही मंडळी पॅरिसच्या प्रेमापोटी आली असे आपण सहज म्हणतो, पण मला त्यामागे हिशेब जास्त दिसतो. पहिल्या महायुद्धानंतर फ्रँक घसरला होता, त्यामुळे थोडक्या डॉलरांत महिना निघे. शिवाय अमेरिकेत १९२० पासून दारूबंदी होती आणि ‘युलिसिस’ तिथे अश्लील ठरली होती. ते पुस्तक १९२२ मध्ये सिल्व्हिया बीच या अमेरिकन बाईंनी पॅरिसमधूनच काढले. १२, रू द लोदेऑन येथे त्यांचे ‘शेक्सपिअर अँड कंपनी’ हे पुस्तकांचे दुकान होते, तिथे आता फक्त पाटी आहे. नोत्र दामसमोरचे त्याच नावाचे प्रसिद्ध दुकान वेगळे, १९५१ मध्ये सुरू झालेले. तिथे रांग असते आणि आत फोटो काढू देत नाहीत, म्हणून सकाळीच जावे.

लोदेऑनपासून पंधरा मिनिटांवर रू बोनापार्तला एकोल दे बोझार ही कलाशाळा आहे. नागपूर आणि जे. जे.त शिकलेले चित्रकार रझा शिष्यवृत्तीवर १९५० मध्ये इथे आले आणि सुमारे साठ वर्षे फ्रान्समध्येच राहिले. फाटकापाशी आम्ही सर्वांत जास्त वेळ रेंगाळलो, तो याच कारणाने.

चालून दमल्यावर कॉफी काउंटरपाशी उभ्यानेच घ्यावी, कारण रस्त्याकडेच्या खुर्चीत बसले की तीच कॉफी महागते. पहिल्या दिवशी आम्ही हा धडा बिल भरून शिकलो. जेवताना ‘कराफ दो’ म्हटले की नळाचे पाणी फुकट मिळते.

मोंपार्नासच्या दफनभूमीत प्रवेशाला पैसे पडत नाहीत. आयर्लंडचा नाटककार बेकेट, पेरूचा कवी वायेखो आणि रुमानियाचा शिल्पकार ब्रांकुझी तिथेच आहेत. सार्त्र-बोव्हुआर या फ्रेंच लेखक जोडीच्या थडग्यावर लोक मेट्रोची तिकिटे ठेवतात. बहिणीने पर्समधले पुण्याच्या पीएमपी बसचे चुरगळलेले तिकीट सरळ करून खड्याखाली ठेवले.

आजचे कलावंत मात्र या गल्ल्यांत शोधू नयेत, कारण इथली भाडी त्यांच्या आवाक्याबाहेर गेली आहेत. ९ क्रमांकाच्या मेट्रोने शेवटपर्यंत, मोंत्रय या उपनगरात जावे. पुष्कळ स्टुडिओ आता तिकडे आहेत.