आजोबांच्या बहिणी

"आधी गाव सांगा. आडनाव नंतर." नाशिकला तीर्थाच्या गुरुजींनी विचारलं आणि कपाटातून यजमानांच्या वंशावळीची लांबुळकी वही काढली. म्हटलं, आता बसा दुपारपर्यंत. चहा यायच्या आत पान सापडलं!

पणजोबांची मोडीतली सही. हात न उचलता लिहिलेली, शाई तपकिरी पडलेली. खाली भावांची, मुलांची नावं. फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला, मोडी शिकलेल्या मामेबहिणीने लगेच वाचूनही दाखवला.

"आणि त्यांच्या मुली?" मी विचारलं.

"त्या सासरच्या वहीत. सासरचं गाव माहितीये?"

नाही ना. बाबांनाही नाही, काकांनाही नाही.

२०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधताना मोडी कागदपत्रं स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या वेबसाइटवर आली. गावोगाव लोक वंशावळी काढायला बसले, चांगलंच झालं. पण जातीच्या दाखल्याला लागते ती बापाकडचीच. वंशावळीच्या ॲपमध्ये मुलीचा चौकोन जोडायला एक टिचकी पुरते. त्यात लिहायचं काय?

तुमच्या आजोबांच्या बहिणी कुठल्या गावी दिल्या होत्या, घरात कोणी सांगू शकेल?