आधी बेस, मग कॅम्पग्राउंड

रविवार, पेन्साकोला

फ्लोरिडाच्या पश्चिम टोकाला पेन्साकोलाचा नौदल तळ आहे आणि तळाच्या आतच ओक ग्रोव्ह नावाचं आरव्ही पार्क, म्हणजे चाकांवरची घरं उभी करायची जागा. बाराही महिने मोटरहोममध्ये किंवा ट्रेलरमध्ये राहणाऱ्या, लष्कराशी नातं असलेल्या कुटुंबांचा वर्षाचा आराखडा अशा जागांभोवतीच ठरतो. हिवाळ्यात फ्लोरिडा किंवा ॲरिझोना, उन्हाळ्यात कोलोरॅडोतल्या एअर फोर्स अकॅडमीचं पेरेग्रिन पाइन्स, नाहीतर फ्लॅगस्टाफजवळ सुमारे ७,००० फुटांवरचं फोर्ट टटहिल. हवाई दलात या जागांना फॅमकॅम्प म्हणतात, आर्मीत बरेचदा ट्रॅव्हल कॅम्प, नौदलात सरळ आरव्ही पार्क. नाव काहीही असलं तरी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: हा आधी लष्करी तळ आहे, कॅम्पग्राउंड नंतर. बुकिंग, गेट, पाहुणे, अचानक जागा सोडायला लागणं, सगळ्याचं मूळ यात आहे.

इथे राहता कोणाला येतं, यावरून सगळ्यात जास्त गोंधळ होतो. सेवेतले सैनिक, निवृत्त सैनिक, नॅशनल गार्ड आणि रिझर्व्हचे लोक, त्यांची कुटुंबं, आणि बऱ्याच तळांवर संरक्षण खात्याचे नागरी कर्मचारी. १ जानेवारी २०२० पासून यात भर पडली. पर्पल हार्ट (युद्धात जखमी झाल्याचं पदक) मिळालेले, माजी युद्धकैदी, सेवेमुळे अपंगत्व आल्याची सरकारदरबारी नोंद असलेले माजी सैनिक (टक्केवारी कितीही असो) आणि त्यांची नोंदणीकृत काळजी घेणारी माणसं. पण चार-सहा वर्षं नोकरी करून सन्मानाने बाहेर पडलेला, अपंगत्वाची नोंद नसलेला माजी सैनिक यात बसत नाही. त्याला ११ नोव्हेंबर २०१७ पासून एक्स्चेंजची, म्हणजे लष्करी दुकानांची, ऑनलाइन खरेदी खुली झाली, आणि त्यावरून अनेकांचा समज होतो की तळाचं दारही उघडलं. तसं नाही. बुकिंगच्या आधीच फोन करून आपला गट सांगावा आणि कोणतं कार्ड चालेल ते विचारून घ्यावं.

आपल्यातल्या ज्यांचा लष्कराशी काहीच संबंध नाही, त्यांनी ‘आर्मी’ या नावावरून निराश होऊ नये. आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सची कॅम्पग्राउंड वेगळी. ती धरणांच्या आणि तलावांच्या काठाला असतात, सर्वांना खुली असतात. ६२ वर्षं पूर्ण झालेल्या नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना मिळणारा सीनियर पास असेल, तर तिथे बहुतेक ठिकाणी निम्मं भाडं पडतं. फॅमकॅम्पवर हा पास चालत नाही, कारण फॅमकॅम्प सैनिकांच्या कल्याण विभागाचा, म्हणजे एमडब्ल्यूआरचा असतो आणि त्याचा खर्च मुख्यतः त्याच्या भाड्यातूनच निघतो.

सोमवार

आज गेटविषयी, कारण नवख्यांची सगळ्यात जास्त धांदल तिथेच उडते.

नेव्हिगेशन तुम्हाला तळाच्या सर्वात जवळच्या गेटवर नेतं. ते गेट बंद असू शकतं, किंवा फक्त लहान गाड्यांसाठी असू शकतं. गाड्यांचा वेग कमी करायला गेटसमोर नागमोडी अडथळे ठेवलेले असतात, आणि ४० फुटी मोटरहोम त्यातून वळत नाही. खरी पंचाईत मागे कार बांधलेली असेल तेव्हा. चारही चाकं जमिनीवर ठेवून ओढलेली कार घेऊन मोटरहोम मागे घेता येत नाही. दोन-तीन फुटांतच कारची पुढची चाकं तिरकी होतात, कार जोडणारा बार वाकतो. म्हणजे गेटवर ‘इथून नाही, मागे फिरा’ म्हटलं की तिथेच, मागच्या रांगेसमोर, कार सोडवावी लागते. त्यासाठी कॅम्पग्राउंडच्या ऑफिसला फोन करून तीन गोष्टी विचाराव्यात: आरव्हीने कोणत्या गेटने यायचं, ते गेट किती वाजता बंद होतं, आणि ऑफिस बंद झाल्यावर पोचलो तर साइटचा, म्हणजे आपल्या जागेचा, नंबर कुठे लावलेला असतो. ट्रकांचं गेट बरेचदा संध्याकाळी लवकर बंद होतं, शनिवार-रविवारी उघडतच नाही.

गेटवर पोचण्याआधी एका बाजूला थांबून तयारी करावी. सगळ्या मोठ्या माणसांची ओळखपत्रं हातात, गाडीची नोंदणी आणि विमा वरच्या कप्प्यात, गॅस सिलिंडरची झडप बंद. तपासणी झाली तर आतलं प्रत्येक कपाट आणि खालचं सामानाचं कप्पेघर उघडून दाखवावं लागतं, म्हणून किल्ल्या एकाच जुडग्यात हव्यात. फोन खाली ठेवावा. गेटचे आणि धावपट्टीचे फोटो काढायचे नाहीत, ड्रोन तर नाहीच.

दोन बाबतींत राज्याचा कायदा गेटबाहेर राहतो. राज्याचा शस्त्रपरवाना आत आपोआप लागू होत नाही. त्या तळाचे नियम आधी विचारून, लेखी परवानगी लागत असेल तर ती घेऊनच शस्त्र आत आणायचं, नाहीतर बाहेर सोय करायची. गांजा कोलोरॅडोत किंवा कॅलिफोर्नियात दुकानात मिळत असला तरी तळ ही केंद्र सरकारची जागा, तिथे तो गुन्हाच.

आणि हे खास आपल्या लोकांसाठी: भारतातून आई-वडील आले असतील तर त्यांना घेऊन सरळ गेटवर जाऊ नका. परदेशी पासपोर्टवरच्या पाहुण्यांची आधी छाननी लागते, तिला वेळ लागतो, आणि काही तळ परवानगी देतच नाहीत. गाडीतल्या बाकीच्यांसाठी ओळखपत्रधारकाने जबाबदारी घेण्याची जी सवलत असते, तीही सुरक्षेचा स्तर वाढला की बंद होते. अशा वेळी तळाबाहेर असलेली लष्करी पार्कं बघावीत. पेन्साकोलात ब्लू एंजल रिक्रिएशन पार्क मुख्य तळापासून वेगळं आहे, फोर्ट टटहिलही तसंच. पाहुण्यांचा नियम मात्र तिथेही विचारूनच घ्यायचा.

मंगळवार

सकाळी आठला भोंग्यावर राष्ट्रगीत वाजतं. नौदलाच्या तळावर सकाळी आठ आणि सूर्यास्त, आर्मी आणि हवाई दलाच्या तळावर संध्याकाळी पाचच्या आसपास. गाडी चालवत असाल तर कडेला थांबवायची. बाहेर उभे असाल तर झेंड्याकडे, झेंडा दिसत नसेल तर आवाजाकडे तोंड करून उभं राहायचं. अमेरिकी नागरिक उजवा हात छातीवर ठेवतात, इतर देशांच्या नागरिकांनी सावधान उभं राहावं. सांडपाण्याचा पाइप हातात असला तरी तो खाली ठेवून माणसं उभी राहतात. या मिनिटभराच्या शांततेबद्दल मनापासून आदर वाटतो.

विमानांचा आवाज हा इथला भागच आहे. नेलिस किंवा डेव्हिस-मोन्थनला राहायचं तर लढाऊ विमानं डोक्यावरून जाणारच. त्याची तक्रार ऑफिसात नेऊ नये.

आता वीज. यावर जास्त लिहावंसं वाटतं, कारण इथल्या चुकांची किंमत हजारो डॉलर असते.

३० अँपिअरचं कनेक्शन म्हणजे १२० व्होल्टची एकच तार, म्हणजे ३,६०० वॅट. ५० अँपिअरचं म्हणजे १२० व्होल्टच्या दोन तारा, प्रत्येकी ५० अँपिअर, एकूण १२,००० वॅट. म्हणजे दुपटीहून कमी नव्हे, तिपटीहून जास्त. सतत चालणारा भार क्षमतेच्या ८० टक्क्यांवर नेऊ नये, म्हणजे ३० अँपिअरवर प्रत्यक्षात २४. छतावरचा एसी १३ ते १५ अँपिअर घेतो, पाणी तापवायची विजेची कॉइल सुमारे १२. एवढ्यानेच २४ ओलांडले. त्यात १,८०० वॅटचं इंडक्शन लावलं की आणखी १५. ब्रेकर लगेच पडतोच असं नाही. कधी दहा-पंधरा मिनिटं तापत राहून पडतो, आणि तोवर प्लगही तापत असतो. म्हणून ३० अँपिअरच्या साइटवर पाणी गॅसवर तापवावं, आणि कुकर लावायचा तेव्हा एसी बंद ठेवावा किंवा कुकरही गॅसवर.

जोडायचा क्रम असा. खांबावरचा ब्रेकर आधी पाडायचा. सॉकेट डोळ्यांनी बघायचं: भोकांच्या कडा काळ्या किंवा वितळलेल्या असतील, किंवा प्लग घातल्यावर ढिला हलत असेल, तर ती साइट घ्यायचीच नाही, ऑफिसला सांगून बदलून घ्यायची. वर्षानुवर्षं रोज प्लग काढून-घालून आतले संपर्क सैल होतात. सैल संपर्कात रोध वाढतो, रोधाने उष्णता, उष्णतेने संपर्क आणखी सैल. मग गाडीच्या आधी संरक्षक यंत्र लावायचं. साधं सर्ज प्रोटेक्टर नव्हे, तर व्होल्टेज मोजून स्वतः तोडणारं. ब्रेकर चढवला की ते दोनेक मिनिटं तपासतं आणि मगच वीज सोडतं. अर्थिंग तुटलं आहे का, तारा उलटसुलट आहेत का, ५० अँपिअरवर न्यूट्रल सुटला आहे का, हे ते सांगतं. न्यूट्रल सुटला तर दोन तारांमधले २४० व्होल्ट असमान वाटले जातात. एका बाजूला ७०, दुसऱ्या बाजूला १७० असंही होऊ शकतं, आणि त्या बाजूचा मायक्रोवेव्ह, टीव्ही, चार्जर एकदमच जातात.

उन्हाळ्यात दुपारी चारच्या सुमारास व्होल्टेज बघण्यासारखं असतं. जुनी वायरिंग, आणि पार्कातल्या प्रत्येक गाडीचा एसी चालू. १२० वरून ११०, मग १०६. चांगली यंत्रं साधारण १०४ ला तोडतात. हा आकडा उगाच नाही: कमी व्होल्टेजवर कॉम्प्रेसरची मोटर तेच काम करायला जास्त करंट ओढते, तापते आणि वेटोळी जळतात. एसी सुरू करून अर्ध्या तासानंतर प्लगला हात लावून बघावा. कोमट ठीक. हात ठेववत नसेल इतका गरम असेल तर भार कमी करून सॉकेटची तक्रार करावी. प्लगची पाती तपकिरी पडली असतील तर प्लग बदलावा, नाहीतर तो पुढच्या प्रत्येक पार्कातलं सॉकेट खराब करत जातो.

गुरुवार

पाण्याचा दाब कमी करणारा रेग्युलेटर नळाला लावायचा, गाडीला नव्हे. गाडीच्या बाजूला लावला तर मधला होज पूर्ण दाबाखाली राहतो आणि उन्हात फुटतो. ४५ ते ५० पीएसआय पुरे. नळ आधी मिनिटभर मोकळा सोडावा, तोंड ब्लीचच्या पाण्याने पुसावं.

संडासाच्या टाकीची झडप, सांडपाण्याचा पाइप जोडलेला असला तरी, बंदच ठेवावी. उघडी ठेवली तर पाणी वाहून जातं आणि घट्ट भाग तळाशी साचून दगडासारखा होतो. निदान दोन तृतीयांश भरली की ती आधी सोडायची, मग स्वयंपाकघर-मोरीची, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुतला जातो. आपल्या स्वयंपाकात एक जास्तीची काळजी: फोडणीचं तेल, आमटीचा गाळ भांड्यातून कागदाने पुसून कचऱ्यात टाकावा, मगच भांडं घासावं. तेल टाकीच्या भिंतींना आणि पातळी मोजणाऱ्या सेन्सरना चिकटतं आणि रिकामी टाकीही भरलेली दाखवते.

हुकअपची, म्हणजे वीज-पाण्याची जोडणी असलेली, साइट नसेल तर ओव्हरफ्लोमध्ये, म्हणजे जोडणी नसलेल्या जादा जागेत, राहावं लागतं. की वेस्टच्या सिग्सबीला तर बिनहुकअपची मोठी जागाच आहे. तिथे जनरेटरच्या वेळा पाळायच्या आणि गॅसचा हिशेब ठेवायचा. २० पौंडी सिलिंडरमध्ये साधारण ४.७ गॅलन गॅस, म्हणजे सुमारे ४,३०,००० बीटीयू (उष्णतेचं एकक). ३०,००० बीटीयूचा हीटर सलग चालला तर तो १४ तासांत संपतो. थंड रात्री हीटर निम्मा वेळ चालतो असं धरा, म्हणजे तीन रात्रीही कशाबशा.

शनिवार

खरेदी कमिसरीत, म्हणजे तळावरच्या किराणा दुकानात. खडकी-देवळालीच्या कँटीनसारखंच, किंमत बाहेरच्यापेक्षा कमी, विक्रीकर नाही, पण बिलावर ५ टक्के अधिभार. २०२० मध्ये नव्याने पात्र झालेल्या माजी सैनिकांना कार्डाने पैसे दिल्यास वेगळा आकार पडतो, क्रेडिट कार्डावर जास्त, डेबिटवर कमी. बाहेरून जेवण मागवलं तर डिलिव्हरीवाला गेटवर अडतो, जाऊन आणावं लागतं. पार्सल मागवण्याआधी ऑफिस स्वीकारतं का ते विचारावं.

मुक्कामाला मर्यादा असते, कुठे १४ दिवस, कुठे ३०, पुढे जागा रिकामी असेल तर वाढ. बदलीच्या हुकमावर आलेल्या सैनिकाला अग्रक्रम असतो. दोन लहान मुलं, सामान ट्रकमध्ये, घर अजून मिळालेलं नाही, अशा कुटुंबासाठी फुलटाइमरने, म्हणजे बाराही महिने गाडीत राहणाऱ्याने, साइट सोडावी, न कुरकुरता सोडावी. हिवाळाभर एकच साइट अडवून ठेवण्यासाठी एक रात्र बाहेर काढून परत येण्याची जी युक्ती चालते, ती आम्हाला पटत नाही. ही जागा त्यांच्यासाठी बांधली आहे.

किनाऱ्यावरच्या तळांवर जून ते नोव्हेंबर आणखी एक गोष्ट. वादळाचा इशारा आला की आरव्ही पार्क लवकर रिकामं करायला सांगतात, शहराला सूचना मिळण्याच्याही आधी कधीकधी. १० ऑक्टोबर २०१८ ला मायकेल वादळ टिंडलच्या हवाई तळावरून थेट गेलं, तेव्हा तिथे काय शिल्लक राहिलं ते सगळ्यांनी पाहिलं. त्यामुळे या महिन्यांत इंधन अर्ध्याखाली जाऊ देत नाही. टायरांचा दाब आठवड्याला, सकाळी, टायर थंड असताना. मंडप, खुर्च्या, चटई रोज संध्याकाळी आत. संडासाची टाकी अर्ध्यावर असतानाच सोडायची, कारण बाहेर पडताना डंप स्टेशनवर, म्हणजे टाक्या रिकाम्या करायच्या जागी, रांग लागते. आणि उत्तरेकडे, किनाऱ्यापासून दोनशे मैल आत असलेल्या दोन तळांचे फोन नंबर कागदावर, ड्रायव्हरच्या बाजूच्या कप्प्यात.