पैसे भरून चिखलात

लावणीला चिखलात उतरलं की आमच्याकडे संगमेश्वरला निदान दुपारचं जेवण तरी मिळतं. इथे इंग्लंडात आम्ही चौघांची तिकिटं काढून चिखलातल्या अडथळ्यांच्या शर्यतीत उतरलो.

हौस लेकीची, वय ९. धाकटा ६ वर्षांचा, त्याला फक्त मेडल हवं होतं. तीन किलोमीटरची वाट, मध्ये अडथळे, प्रत्येक मुलासोबत मोठं माणूस हवंच. 'लागलं-खुपलं तर आमचं आम्ही' अशा अर्थाच्या फॉर्मवर सही केली. हे वेड तसं इकडच्याच मातीतलं. आमच्या बर्मिंगहॅमहून जवळच, वुल्व्हरहॅम्प्टनपाशी, १९८७ साली 'टफ गाय' ही अशीच शर्यत सुरू झाली, आणि ती भर जानेवारीत व्हायची! अमेरिकेतली 'टफ मडर' बरीच नंतरची, २०१० ची. आमची शर्यत मे महिन्यातली होती, तरी सकाळी बारा डिग्रीच.

कपड्यांवरून घरात वाद झाला. नवऱ्याला सुती टी-शर्ट हवा होता. सुती कापड भिजलं की पाणी सोडत नाही आणि अंग गार पडतं, म्हणून मी बाकी सगळ्यांना पॉलिस्टर घातलं. त्याने ऐकलं नाही. धाकट्याला गमबूट हवे होते. तेही नाही, कारण त्यात शिरलेलं पाणी तसंच डुचमळत राहतं. जुने नाडीचे बूट, दुहेरी गाठ. नखं कापली, कानातलं काढलं, लेकीच्या दोन घट्ट वेण्या घातल्या.

टायर, जाळं, लाकडी भिंत हे सगळं मुलांनी माकडासारखं पार केलं. भिंतीवर अडकले ते आम्ही दोघं.

मग खंदक आला. इथल्या वूस्टरशर परगण्याची माती तांबडी, आपल्याकडच्यासारखीच, पण आपल्या मातीला हा चिकटपणा नाही. धाकटा मांडीपर्यंत रुतला, घाबरला आणि पाय जोरजोरात वर ओढू लागला. जेवढा ओढावा तेवढा चिखल घट्ट धरतो, कारण तळव्याखाली हवा शिरायला जागाच नसते. नवरा-बायकोच्या भांडणासारखा ताण वाढत चालला होता. मला खाचरातली आई आठवली. ती म्हणायची, "ओढू नको गो, पाय हलव." त्याला म्हटलं, पाऊल आत गोल फिरव, आधी टाच सैल कर, मग सावकाश काढ. पाय आला. बूट नाही आला. दुहेरी गाठ असून!

शर्यतीतला एक तरुण मदतनीस कोपरापर्यंत हात घालून शोधत राहिला. मागची टोळी येऊन थांबली, आणि त्यातल्या दोन अनोळखी बायाही वाकल्या. सापडला नाही. नवऱ्याने धाकट्याला पाठीवर घेतलं आणि उरलेला अर्धा किलोमीटर त्या ओल्या सुती टी-शर्टात कुडकुडत काढला. मी काही बोलले नाही. शेवटच्या घसरगुंडीवरून मात्र धाकटा स्वतः उतरला, थेट डबक्यात, आणि वर येऊन म्हणाला, "परत."

धुण्याची सोय म्हणजे गार पाण्याचे दोन पाइप आणि चाळीस माणसांची रांग. तयारीत मी इथेच चुकले. टॉवेल गाडीत होते आणि गाडी दोन शेतं पलीकडे. धाकट्याचे ओठ निळसर दिसू लागले तेव्हा एकाने चंदेरी कागदासारखं पांघरूण दिलं, ते दोन्ही मुलांभोवती गुंडाळून आम्ही पळत सुटलो. सीटवर कचऱ्याच्या काळ्या पिशव्या अंथरल्या होत्या, तेवढं बरं झालं.

कपडे सरळ मशीनमध्ये टाकू नका. मागच्या अंगणात वाळवले, झटकले, बादलीत चार पाण्यांतून काढले, तरी फिल्टरमधून तांबडी वाळू निघतेच आहे.

रात्री आईला फोटो पाठवले. मेडलकडे तिने पाहिलंच नाही.

"एवढा चिखल तुडवलात," ती म्हणाली, "मग लावलंत काय?"

"एक बूट," धाकटा म्हणाला.