वर्सोव्याची वाळू आणि शाम्पूच्या पुड्या

आज सकाळी वर्सोव्याच्या बीचवर क्लीनअपला गेलो होतो, आता कंबर बोलतेय 😅 बाटल्या उचलणं सोपं हो, खरा ताप पिशव्यांचा, अर्धी पिशवी वर दिसते आणि बाकीची वाळूत इतकी रुतलेली असते की ओढली की फाटून हातात फक्त तुकडा येतो. आणि शाम्पूच्या पुड्या, गुटख्याच्या पुड्या, स्ट्रॉ, इअरबड्सच्या काड्या... १ जुलै २०२२ पासून स्ट्रॉ आणि इअरबड्सच्या प्लास्टिक काड्यांवर देशभर बंदी आहे म्हणे! शाम्पूच्या पुड्या तर त्या यादीत नाहीतच, आणि किनाऱ्यावर बघाल तर त्याच जास्त.

कासवं पिशवीला जेलीफिश समजून खातात हे माहीत होतं, पण नुसतं दिसण्याचं नाहीये ते, प्लास्टिक समुद्रात काही दिवस राहिलं की त्यावर शेवाळ, जंतू बसतात आणि मग त्याचा वासच कासवांना खाण्यासारखा येतो. म्हणजे बिचाऱ्यांनी ओळखायचं तरी कसं?

याच बीचवर २०१५ ला वकील अफरोज शाह यांनी सफाई सुरू केली तेव्हा लोक हसले असतील, आणि मार्च २०१८ मध्ये इथेच ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात जाताना दिसली, कित्येक वर्षांनी. पण भरती आली की कचरा परत हजर, कारण तो नाल्यातून येतो, म्हणजे आपल्याच घरातून.

येताना मासे घेतले, डबा पुढे केला तर मावशी म्हणाल्या, "रोज आण रे, माझी पिशवी वाचते."

पुढच्या रविवारी येणाऱ्यांनी हातमोजे आपापले आणा, आणि प्लीज, बिसलेरी घेऊन येऊ नका 🙏