कावीची भिंत, आठ सेकंदांचा लूप: कामाची नोंद

गोव्यात डिझाइन शिकणाऱ्यांच्या संदर्भाच्या फोल्डरात ठरलेला ऐवज असतो: पणजीतल्या निळ्या-पांढऱ्या अझुलेजो फरशा, जुन्या घरांच्या शिंपल्यांच्या खिडक्या, व्यंगचित्रकार मारियो मिरांडांच्या रेघा. ऐवज चांगलाच आहे. पण मोशनमध्ये, म्हणजे हलत्या चित्रांच्या कामात येताना त्याचं तयार रूप तेवढं उचललं जातं. फरशीचा फोटो ट्रेस करायचा, वेक्टर करायचा, गरगर फिरवायचा. ती वस्तू बनताना हात कसा फिरला असेल, हे कुणी बघत नाही. फरशीवर कुंचला चालतो, शिंपल्याच्या खिडकीत हलतो तो उजेड आणि कावीत खरवडलं जातं. हालचाल तिथूनच मिळते. म्हणून हा लूप, म्हणजे शेवटाहून सुरुवातीला जोडून सतत चालणारं हलतं चित्र, कावी कलेवर घेतला आहे.

कावी म्हणजे पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर काव (तांबडी माती) मिसळलेल्या चुन्याचा लाल थर द्यायचा आणि तो ओला असतानाच टोकदार सळईने खरवडून आतला पांढरा उघडा करायचा. चुना समुद्री शिंपले भाजून केलेला. वाळू आणि गूळ घालून तो आंबवत, कुटत. कोकणपट्टीतल्या देवळांत आणि घरांत हे काम सापडतं. इथे पेडणे तालुक्यातल्या मोरजीच्या मोरजाई देवळातल्या भिंती मूळ संदर्भ म्हणून धरल्या आहेत. या कलेत रेघ ओढली जात नाही, रंग काढला जातो. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डात अॅनिमेटर नॉर्मन मॅक्लारेन काळ्या फिल्मवरचा थर पात्याने खरवडून चित्रं हलवत. जात तीच.

आताची स्थिती: पहिला लूप पूर्ण. त्यात कंपासचं फूल खरवडलं जातं, खाली ‘काव’ शब्द येतो आणि शेवटी लाल थर सगळं पुन्हा झाकतो. १०८० बाय १०८० पिक्सेल, २४ फ्रेम प्रतिसेकंद, एकूण १९२ फ्रेम. हालचाल दोन-दोन फ्रेमची, प्रत्येक चित्र दोन फ्रेम टिकतं, म्हणजे प्रत्यक्षात ९६ चित्रं. वेक्टर इंकस्केप या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये, हालचाल आफ्टर इफेक्ट्स या अॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये.

भिंतीचे फोटो

देवळात कॅमेरा काढण्याआधी महाजनांना, म्हणजे देवळाचा कारभार बघणाऱ्यांना, विचारायचं. फ्लॅश नको आणि भिंतीला हात तर नकोच. फोनची वाइड लेन्स वापरली तर वर्तुळाची लंबवर्तुळं होतात आणि पुढे कंपासची रचना कशानेही जुळत नाही. दुपटीची लेन्स लावून लांब उभं राहायचं, फोन भिंतीला समांतर धरायचा आणि स्क्रीनवरची ग्रिड चालू ठेवायची. एक फोटो समोरच्या सपाट उजेडात, दुसरा कडेने येणाऱ्या उजेडात. खाचेची खोली फक्त दुसऱ्यात दिसते. टॉर्च भिंतीशी साधारण १५ अंशांत धरली की पुरे. ट्यूबलाइटखाली व्हिडिओ घेताना शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, नाहीतर आपल्याकडच्या ५० हर्ट्‌झच्या विजेमुळे पट्टे सरकताना दिसतात. पावसाळ्यात एसी गाडीतून उतरून लगेच फोटो काढले की लेन्सवर वाफ धरते. फोन १५-२० मिनिटं बाहेरच्या हवेत ठेवायचा. दमट चुना गडद दिसतो, त्यामुळे रंगाचं माप पावसाळ्यातल्या फोटोवरून घेऊ नये.

नमुन्याची लादी

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि सगळं शिकायला मिळतं ते इथेच. फोटोत झालेली रेघ दिसते, होणारी दिसत नाही. त्यासाठी १५ बाय १५ सेंटिमीटरच्या सिमेंट बोर्डावर खरा नमुना केला.

खालचा थर: १ वाटी भिजवलेला चुना आणि २ वाट्या धुतलेली बारीक वाळू, जाडी ६ मिलिमीटर. वरचा थर: ४ वाट्या चुना आणि १ वाटी वस्त्रगाळ काव, जाडी दीड ते दोन मिलिमीटर. कळीचा चुना घरी विरवण्याच्या भानगडीत पडू नका. तो उकळतो, उडतो आणि डोळा घालवतो. भिजवून मुरवलेला चुनाच घ्या, आणि त्यालाही हातमोजे व चष्मा हवाच.

पहिल्या लादीत खालच्या थरात वाळू एकच वाटी होती. वाळताना चुना आकसला आणि जाळ्यासारखे तडे गेले. दुसरीत प्रमाण जमलं, पण खरवडायला घाई झाली: सळईपुढे लाल चिखल गोळा झाला, रेघेच्या कडा ढासळल्या, पांढऱ्यात लाल ओढला गेला. तिसरीला उशीर झाला, कडेचे टवके उडाले. बरोबर वेळ ओळखायची खूण अशी: बोट टेकवलं तर लाल लागत नाही, पण नख रुततं. पावसाळी हवेत ही अवस्था बराच वेळ टिकते. मे महिन्यात पंख्याखाली ठेवलीत तर चहा होईपर्यंत निसटते.

चौथी लादी खरवडताना वरून ५० फ्रेम प्रतिसेकंदाने चित्रण केलं. त्यात तीन गोष्टी दिसल्या आणि पुढचं सगळं काम त्यांवर उभं आहे. कंपासने काढलेला कंस जवळजवळ एकाच वेगाने जातो, कारण टोक दांड्याला बांधलेलं असतं. मोकळ्या हाताची रेघ सुरुवातीला अडते, मध्ये सुटते, शेवटी मंदावते. आणि दोन्हींत टोक रुततानाचा एक क्षण असतो. त्या वेळी सळई जागेवरच असते आणि फक्त लाल थर फुटतो.

कंपासचं फूल

सहा पाकळ्यांचं फूल सगळ्यांना शाळेपासून येतं. त्रिज्या न बदलता परिघावर सहा वेळा टोक टेकवायचं. इंकस्केपमध्ये २०० पिक्सेल त्रिज्येचं वर्तुळ घ्या, त्याच मापाची सहा वर्तुळं परिघावर ६०-६० अंशांवर केंद्र ठेवून मांडा आणि मूळ वर्तुळाबाहेरचा भाग काढून टाका. आत उरणारा प्रत्येक कंस १२० अंशांचा, लांबी सुमारे ४१९ पिक्सेल. इथे पाकळ्यांचे बंद आकार करायचे नाहीत, सहा सुटे कंसच ठेवायचे. बंद आकार केलेत तर ट्रिम पाथ (रेघ हळूहळू उघडत नेणारी सोय) पाकळीच्या कडेने फिरतो, आणि तसा हात कधीच फिरत नाही.

एका कंसाला १४ फ्रेम: १२ खरवडण्याच्या, २ कंपास उचलून पुढच्या बिंदूवर न्यायच्या. सहा कंसांचं फूल फ्रेम ० ते ८३ मध्ये होतं. ट्रिम पाथचा शेवट पहिल्या दोन फ्रेममध्ये ० वरून जेमतेम ४ टक्क्यांवर जातो (टोक रुतणं), मग सरळ रेषेत १०० पर्यंत. सवयीने ईझी ईझ (सुरुवात-शेवटी वेग आपोआप मंद करणारी सोय) लावली की कंस लगेच जाहिरातीतल्या लोगोसारखा गुळगुळीत दिसतो. इथे ती की दाबू नये.

‘काव’ ही दोन अक्षरं

फुलाखाली ‘काव’ हा शब्द येतो. देवनागरीची एक सोय इथे हाती लागते: व ला शेपूट जोडलं की क होतो. म्हणजे पूर्ण शब्दाला सात फटकारे पुरतात: दोन गाठी, तीन दंड, एक शेपूट, एक शिरोरेषा. गाठ एकदाच काढून दोन्हीकडे वापरता येते. मात्र जशीच्या तशी ठेवली तर क फुगलेला दिसतो, कारण त्याच्या उजवीकडे शेपटाचं वजन येतं. त्याची गाठ ७ टक्के अरुंद केल्यावर जोडी बसली.

तयार फाँट वापरायचा असेल तर अक्षरं इंकस्केपमध्येच मांडून ऑब्जेक्ट टू पाथ करून न्या. जोडाक्षरं मोडण्याचा धोका तिथेच संपतो. पण फाँटमध्ये शिरोरेषा प्रत्येक अक्षराचा तुकडा असते, त्यामुळे दोन अक्षरांच्या सांध्यावर केसाएवढी फट चमकते. युनियन करून ती मिटवावी लागते. ल किंवा श असलेला शब्द असेल तर मराठी वळण तपासा. अनेक फाँट आधी हिंदी वळण देतात. टायरो देवनागरी मराठी हा फाँट त्यासाठीच आहे.

क्रम पाटीवरचाच: आधी गाठ, मग दंड, शेपूट, आणि शिरोरेषा सगळ्यात शेवटी. गाठींना ६-६ फ्रेम, दंडांना ४-४, शेपटाला ४, शिरोरेषेला ८. बेरीज ३६, पुढे १२ फ्रेम स्तब्ध. शब्द फ्रेम ८४ ते १३१ मध्ये बसतो. इथे मात्र वेगाला चढउतार हवा, कारण रेघ मोकळ्या हाताची आहे. शिरोरेषा आधी काढून पाहिली होती. डोळा लगेच अडखळतो, आणि बघणाऱ्याला का ते सांगता येत नाही.

थर पुन्हा चढवणं

लूप म्हटलं की सुरुवातीकडे परत जावं लागतं. फेड आउट करणं सोपं, पण भिंत कधी फेड होत नाही. म्हणून फ्रेम १३२ ते १९१ मध्ये थापीचे तीन हात फिरतात, प्रत्येकी २० फ्रेम, आणि लाल थर सगळं झाकतो. थराच्या पोताला फ्रॅक्टल नॉइज (खडबडीत पोत आपोआप बनवणारा इफेक्ट) आहे. त्यात सायकल इव्होल्यूशन (पोताचा बदल फिरून सुरुवातीला आणणारी सोय) चालू, सायकल १, आणि इव्होल्यूशन ० वरून एक पूर्ण फेरी. हे चालू केलं नाही तर शेवटच्या फ्रेमवरून पहिलीवर येताना पोत उडी मारतो.

बाहेरची किनार

फुलाभोवती ४८० पिक्सेल त्रिज्येची २४ दातांची किनार सतत फिरते. २४ दात म्हणजे १५ अंश फिरलं की चित्र पूर्ववत. पूर्ण फेरीची गरज नाही. हिशेब कागदावर सुंदर होता, पडद्यावर बिघडला. १९२ फ्रेममध्ये १५ अंश म्हणजे कडेला फ्रेममागे ०.६५ पिक्सेल, आणि एवढ्या धिम्या गतीत बारीक रेघ सरकत नाही, थरथरते. तीन दात, म्हणजे ४५ अंश घेतले. आता फ्रेममागे जवळपास २ पिक्सेल, दोन-दोनच्या चालीत ४. थरथर गेली. उलट टोकाची काळजीही ठेवा: एका चित्रात साडेसात अंशांच्या आसपास गेलात तर दात अर्धी घरं ओलांडतात आणि चाक कुठल्या बाजूला फिरतंय ते कळेनासं होतं.

४५ अंशांची की (कोणत्या फ्रेमला किती फिरायचं ते ठरवणारी खूण) फ्रेम १९२ वर ठेवायची, १९१ वर नव्हे. वर्क एरिया (रेंडर होणारा भाग) १९१ ला संपवायचा. १९१ वर ठेवलीत तर ती फ्रेम आणि फ्रेम ० सारखीच होते, आणि दर आठ सेकंदांनी एक बारीक आचका बसतो.

सर्वांत जास्त वेळ सावलीने खाल्ला. खाच खोल वाटावी म्हणून वरच्या-डाव्या कडेला दीड पिक्सेलची गडद कड दिली होती. ती किनारीच्या प्रीकॉम्पच्या (थरांच्या एकत्र बांधलेल्या गटाच्या) आत होती, आणि प्रीकॉम्प फिरत होता. म्हणजे किनारीबरोबर सूर्यही फिरायला लागला. नजरेला ‘काहीतरी प्लास्टिकसारखं’ एवढंच जाणवतं, कारण सापडत नाही. फिरणं आत, सावली बाहेरच्या कॉम्पमध्ये, असा क्रम लावल्यावर भिंत भिंतीसारखी झाली.

लाल रंगाचं दुखणं

आरजीबी अंकांत लाल: १५०, ५२, ३६. पांढरा: २४२, २३४, २१९, निव्वळ पांढरा चुन्यासारखा दिसत नाही. मास्टर फाइलमध्ये रेघा धारदार, फोनवर मात्र फिसकटलेल्या. कारण व्हिडिओ लहान करणाऱ्या एच २६४ च्या नेहमीच्या ४:२:० पद्धतीत चार पिक्सेलांच्या चौकोनाला मिळून रंगाची एकच नोंद असते. उजेडाची नोंद प्रत्येक पिक्सेलची असते. त्यामुळे ज्या कडेला फरक रंगात आहे पण उजेडात कमी आहे, ती आधी मरते, आणि भडक लाल त्यात पहिला. पहिल्या चाचणीतला लाल याहून बराच भडक होता. तो गडद केला, रेघ २ वरून ४ पिक्सेल केली, कड खडबडीत करणाऱ्या रफन एजेस इफेक्टची बॉर्डर ३ वरून दीडवर आणली. मास्टर प्रोरेस ४४४४ (रंगाची नोंद न कापणारा फॉरमॅट), बाहेर पाठवायची प्रत सेकंदाला १८ मेगाबिटची. लाल सपाटीत पट्टे दिसत होते. २ टक्के नॉइज टाकल्यावर ते विरले.

आवाज करवंटीवर खिळा ओढून मिळाला, ४८ किलोहर्ट्‌झवर. रेघेनंतर एक फ्रेम उशिरा ठेवलाय. आधी आला तर खोटा वाटतो.

अजून न सुटलेलं: लादीवर कंपासच्या टोकाची सात भोकं उरतात, सहा परिघावर आणि एक मध्यभागी. वेक्टरमध्ये ती गेली होती, आणि त्यांच्याविना फूल छापल्यासारखं वाटत होतं. ५ पिक्सेलचे ठिपके टाकून पाहिले, तर फोनच्या आकारात ते लुकलुकतात. ७ पिक्सेलची चाचणी रेंडरला लावली आहे.