दोन चौकटींमधली जागा

आज सकाळी जळगावच्या आमच्या कार्यालयात रुजू होणाऱ्या तृतीयपंथी सहकाऱ्याचे पेन अर्जातील ‘स्त्री’ आणि ‘पुरुष’ या दोन चौकटींपाशी बराच वेळ थांबले.

“काहीही लिहा हो, कोण बघतं?” असे आमचे लिपिक सहज म्हणाले. त्यांच्या बोलण्यात दुष्टपणा मुळीच नव्हता, आणि तेच मला अधिक लागले.

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये या ओळखीला मान्यता दिली, २०१९ च्या कायद्याने नोकरीतील भेदभावास मनाई करून प्रत्येक आस्थापनेला तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक केले, तरी आमचा छापील अर्ज जुनाच राहिला.

अखेर दोन चौकटींमधल्या कोऱ्या जागेत बारीक अक्षरांत ‘तृतीयपंथी’ असे लिहिले गेले. स्वच्छतागृहाची कोणती किल्ली द्यायची, हे मात्र संध्याकाळपर्यंत कोणी ठरवले नव्हते.

उद्या मी नवा अर्ज टंकून साहेबांपुढे ठेवणार आहे. तुमच्या कार्यालयात ही तिसरी चौकट आहे का?