मार्चमधील पाटणादेवी : वटवाघळांच्या लेण्याच्या उंबऱ्यावरून परत

यंदा मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि माझा भाचा चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या डोंगरात दोन दिवस हिंडलो. भाचा नोकरीनिमित्त अमेरिकेत केंटकी राज्यात राहतो, सुट्टीच्या दिवशी तिथल्या चुनखडीच्या गुहांतून फिरतो, आणि गावी येताना तेच बूट सामानात घेऊन आला होता. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मात्र त्याने ते पिशवीतून बाहेर काढलेच नाहीत. ‘मामा, हे बूट इथल्या लेण्यांत नकोत,’ एवढेच तो म्हणाला, आणि चाळीसगावच्या बाजारातून त्याने साधे कॅनव्हासचे नवे बूट विकत घेतले.

कारण विचारल्यावर त्याने जे सांगितले ते प्रत्येक डोंगरभटक्याने ऐकावे असे आहे. २००६ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क राज्यातील एका गुहेत झोपलेल्या वटवाघळांच्या नाकावर पांढरी बुरशी दिसली आणि त्यावरून या रोगाला ‘श्वेतनासिका’ या अर्थाचे नाव मिळाले. ही बुरशी थंडाव्यात वाढते. हिवाळाभर निपचित पडून, अंगातली चरबी पुरवून पुरवून वापरणाऱ्या वटवाघळांच्या कातडीत ती शिरते, त्यांची झोप पुन्हा पुन्हा मोडते, प्रत्येक जागेपणी साठवलेली चरबी जळते, आणि बाहेर बर्फ असताना, खायला एकही किडा नसताना ती उपासमारीने मरतात. २०१२ पर्यंतच उत्तर अमेरिकेतील मृत वटवाघळांचा अंदाज ५७ ते ६७ लाखांचा होता. माणसाला या बुरशीने काही होत नाही, परंतु बुटाच्या मातीतून, दोरातून, पाठपिशवीतून ती एका गुहेतून दुसऱ्या गुहेत जाऊ शकते, आणि वटवाघळे संपल्यावरही गुहेतील मातीत कित्येक वर्षे टिकून राहते. म्हणूनच २००९ मध्ये तिथल्या सरकारने बाधित राज्यांतील गुहांत लोकांनी जाऊ नये असे आवाहन केले आणि वनखात्याने आपल्या हद्दीतील अनेक गुहा बंद केल्या. ज्या पर्यटकांसाठी खुल्या राहिल्या, त्यांपैकी केंटकीच्या मॅमथ गुहेत आजही बाहेर पडताना प्रत्येकाला बुटांचे तळवे साफ करणाऱ्या ओल्या चटयांवरून चालावे लागते.

हा रोग भारतात आढळलेला नाही. शिवाय त्या बुरशीची वाढ साधारण २० अंश सेल्सियसच्या वर थांबते, आणि ज्या मुलखात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो तिथल्या कातळातील लेणी एवढी थंड राहत नाहीत. आपली वटवाघळे बर्फाळ प्रदेशातल्यासारखी महिनोन्महिने झोपतही नाहीत. असे असूनही भाच्याने बूट बदलले ते मला योग्यच वाटले, कारण भारतात हिमालयासारखे थंड प्रदेशही आहेत आणि एकदा आलेली बुरशी परत पाठवता येत नाही. परदेशातील गुहांत वापरलेले सामान इथे आणणाऱ्यांनी ते आणूच नये. आणावेच लागले तर माती ब्रशने पूर्ण काढून किमान ५५ अंश तापमानाच्या पाण्यात २० मिनिटे बुडवून ठेवावे, हा तिथल्या गुहाभटक्यांचा नियम पाळावा.

आता वाटेविषयी. चाळीसगाव हे मुंबई-भुसावळ लोहमार्गावरील जंक्शन असल्याने पोहोचणे सोपे आहे. तिथून पाटणादेवी सुमारे १८ किलोमीटर असून रिक्षा किंवा स्वतःचे वाहन करावे लागते. रिक्षा केल्यास परतीची वेळ आधीच ठरवून घ्यावी. हा सगळा भाग गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात येतो, त्यामुळे वनखात्याच्या नाक्यावर नोंद करूनच आत जावे आणि कोणती वाट त्या दिवशी बंद आहे हे तिथेच विचारावे. कण्हेरगडाच्या उतारावर नागार्जुन कोठडी, सीतेची न्हाणी आणि शृंगार चावडी ही लेणी आहेत. नागार्जुन कोठडीतील जैन मूर्ती पाहण्यासाठी सकाळी सातच्या आत चढायला लागणे बरे, कारण मार्चमध्ये दहानंतर कातळ तापतो आणि पानगळ झालेल्या रानात सावली उरत नाही. माणशी तीन लिटर पाणी आम्हाला जेमतेम पुरले.

दुसऱ्या दिवशी आम्ही मुख्य वाटेपासून दूर असलेल्या एका लहान लेण्याकडे गेलो. त्याचे नाव आणि ठिकाण मी मुद्दाम लिहीत नाही, आणि ज्यांना ते ठाऊक आहे त्यांनीही ते सर्वत्र सांगत फिरू नये अशी विनंती आहे. लेण्याच्या खाली शेळ्या चारणारे एक म्हातारे बाबा भेटले. आम्ही वर निघालेले पाहून ते म्हणाले, ‘भो, मझार नका जावा, वाघळेस्ना पोटले पिल्लं शेतस.’ म्हणजे, आत जाऊ नका, वटवाघळांच्या पोटाशी पिले आहेत. दारापर्यंत जाऊन आम्ही थांबलो. तिथूनच उग्र आंबूस वास येत होता, आणि उंबऱ्यावरून आतल्या काळोखात पाहिले तेव्हा छताला चिकटलेला, हलणारा, कुजबुजणारा एक थर दिसला. मोठ्या डोळ्यांची, कुत्र्यासारख्या तोंडाची, फळे खाणारी ती वटवाघळे होती, आणि काहींच्या छातीशी खरोखरच पिले बिलगलेली होती. वटवाघळाची मादी एका वेळी बहुधा एकच पिलू देते. विजेरीच्या झोताने किंवा आवाजाने थवा एकदम उडाला तर पिले खाली पडतात आणि खाली पडलेले पिलू बहुधा वाचत नाही. आम्ही मिनिटभरही न थांबता मागे फिरलो. लेणे पाहायचे राहिले याची खंत मला वाटली नाही. बाबांनी अडवले नसते तर आम्ही आत गेलो असतो, याची मात्र वाटते.

इथे कुठेही बंदीची पाटी नव्हती, आणि माझ्या मते हाच खरा प्रश्न आहे. नाक, डोळे, तोंड असलेली मूर्ती फुटली तर आपण हळहळतो, परंतु लेण्याच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत कोणाचे तरी बाळंतपण चालू आहे हे आपल्या गावीही नसते. मोहाच्या फुलांवर येणारी, रानफळांच्या बिया दूरवर टाकणारी ही वटवाघळे आहेत. त्यांच्या शेजारीच राहणाऱ्या छोट्या पाकोळ्या, म्हणजे किडे खाणारी लहान वटवाघळे, रात्रभर पतंग आणि किडे खातात, आणि कपाशीवरच्या बोंडअळीचे पतंगही रात्रीच उडतात, हे खान्देशातल्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

रोगाच्या भीतीने उलट दिशेचा अविचारही होतो, म्हणून त्याविषयी स्पष्ट लिहितो. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या संशोधकांनी मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतील वटवाघळांचे नमुने घेतले होते आणि त्यांत निपाह विषाणूच्या संसर्गाच्या खुणा आढळल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. खुणा आढळणे म्हणजे साथ आली असे नव्हे. तरीही २०१८ मध्ये केरळातील कोझिकोडच्या परिसरात या विषाणूने १७ जणांचे प्राण घेतले होते, हे विसरता येत नाही. यावर धूर करून, फटाके लावून वटवाघळांना हुसकावणे किंवा गुहेचे तोंड दगडांनी बुजवणे हा उपाय मुळीच नाही. हुसकावलेला थवा गावाजवळच्या पडक्या वाड्यात किंवा विहिरीत येऊन बसतो. ऑस्ट्रेलियातील मोठ्या वटवाघळांवरच्या अभ्यासात तर असे दिसले की त्यांचे रान आणि खाद्य तुटले की ती माणसांच्या जवळ येतात आणि त्यांच्या शरीरातून विषाणू बाहेर पडण्याचे प्रमाण वाढते. धुराचा आणखी एक धोका डोंगरात फिरणाऱ्यांना ठाऊक असतोच: याच कड्यांवर आग्या मोहोळे असतात.

पुढे जाणाऱ्यांनी एवढे जरूर करावे. ज्या लेण्यात वास, विष्ठा किंवा आवाज जाणवेल तिथे उजेड पोहोचतो त्यापलीकडे जाऊ नये. विष्ठेच्या कोरड्या थरावर पाय पडला की धूळ उडते आणि तिच्यातील बुरशीमुळे फुप्फुसांना हिस्टोप्लाझ्मोसिस हा आजार होऊ शकतो. म्हणून एन-९५ मास्क जवळ असावा, मात्र मास्क आहे म्हणून आत शिरू नये. लेण्याच्या ओसरीवर बसून डबा खाण्याची आपली सवय अशा ठिकाणी सोडावी, आणि झाडाखाली पडलेले अर्धवट खाल्लेले फळ कितीही चांगले दिसले तरी उचलू नये. जमिनीवर पडलेल्या वटवाघळाला उघड्या हाताने कधीही स्पर्श करू नये, मुलांना तर अजिबात करू देऊ नये. चावले किंवा ओरखडले तर जखम लहान असली तरी वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन रेबीजच्या लसीविषयी विचारावे.

वटवाघळे पाहायचीच असतील तर संध्याकाळी, बाहेरून पाहावीत. नाक्यावर विचारून, वनरक्षकाने सांगितलेल्या ठिकाणी, लेण्यापासून बऱ्याच अंतरावर आम्ही सूर्यास्ताच्या सुमारास बसलो. विजेरीच्या काचेवर लाल कागद बांधला होता, पण ती लावावी लागलीच नाही. आधी दोन-चार पाकोळ्या सुटल्या, मग अंधार दाटत गेला तशी मोठी वटवाघळे लेण्याच्या तोंडातून बाहेर पडू लागली आणि खालच्या दरीतील उंबरांकडे वळत राहिली. भाच्याने मोजायला सुरुवात केली होती. चारशेच्या पुढे त्याला आकडा धरता आला नाही. आम्ही उठलो तेव्हाही ती निघतच होती.

घरी आल्यावर अंगणात बूट झाडून, साबणाच्या गरम पाण्याने धुऊन दोन दिवस उन्हात ठेवले, कपडे वेगळे भिजवले. कॅनव्हासचे बूट भाचा माझ्याकडेच ठेवून गेला आहे. इथल्या डोंगरात पुढच्या वेळीही तेच घालायचे, असे ठरले आहे. आणि पुढची खेप मार्चमध्ये करायची नाही, हेही.